दीड हात

मागच्या आठवड्यात गंगापूर रोडला एका वरातीनं माझी वाट अडवली. डीजे, धूर, नाचणारी पन्नासएक पोरं आणि मधोमध जीपच्या बॉनेटवर गॉगल लावून बसलेला नवरदेव. जीप हिरवीगार. टायर माणसाच्या कमरेएवढे, टपावर दिव्यांची रांग, पुढं झेंडूच्या माळा. माझ्या शेजारी थांबलेल्या स्कूटीवरच्या मुलीनं मोबाइल काढला आणि मैत्रिणीला म्हणाली, "काय भारी गाडी आहे ना!"

भारीच आहे. हरसूलच्या डोंगरातली निम्मी मढी त्या जीपमधून आपापल्या घरी गेली आहेत. त्यातलं शेवटचं माझ्या बापाचं. नवरदेवाला हे कुणी सांगितलं असतं, तर तो गॉगलसकट खाली उडी मारून घोडा शोधायला पळाला असता. मी सांगितलं नाही. ती जीप ज्यानं घेतली त्याला मी शब्द दिलाय, आणि न सांगण्याच्या बाबतीत माझा शब्द एकदम पक्का असतो. सांगायच्या गोष्टींचं मात्र तसं नाही.

माझ्या बापाचं नाव कारभारी. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. हरसूलच्या पुढं आमचा पाडा. तिथून नाशिकपर्यंत आबा जीपमधून सवाऱ्या न्यायचे. गाडी नऊ माणसांची, बसायची सतरा, शिवाय कोंबड्या वेगळ्या. बाजाराच्या दिवशी तर आबा स्वतः अर्धे दाराबाहेर बसून गाडी चालवायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. सगळ्या पाड्यात फक्त माझ्या बापाकडं जीप आहे, या गुर्मीत मी शाळेत जायचो.

ती गुर्मी एका दिवसात उतरली. पाड्यातल्या कुसाबाईचा नवरा आंब्याच्या झाडावरून पडला आणि नाशिकला सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वारला. कुसाबाई एकोणीस वर्षांची. प्रेत न्यायला कुणी गाडीवाला तयार होईना. मढं वाहिलेल्या गाडीत मग सवारी बसत नाही, लग्नाचं भाडं तर विसराच, हे सगळ्यांना ठाऊक. आबांनाही ठाऊक होतं. आबांनी मागची बाकडी काढली आणि म्हणाले, आणा.

पण जीप ती, ट्रक नव्हे. मागची जागा आखूड. पाय बाहेर आले. वाघेरा घाटात रस्त्याचं नुसतं नाव होतं तेव्हा. प्रत्येक खड्ड्याला त्या माणसाच्या टाचा मागच्या फाळक्यावर आपटायला लागल्या. कुसाबाईनं गाडी थांबवायला लावली, पडलेल्या फाळक्यावर येऊन बसली, नवऱ्याचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि पाड्यापर्यंत तशीच बसून आली. तिचे स्वतःचे पाय खाली लोंबत होते, धुळीत. आबा पुढच्या आरशात बघायचे आणि मान फिरवायचे. "आरशात बघवंना," एवढंच त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात जीप घेऊन ते नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या हबीब मिस्त्रींकडे गेले. हबीबचाचा गाड्यांच्या बॉडीचं काम करायचे, आबांचे जुने दोस्त. आबा म्हणाले, मागून दीड हात वाढव. हबीबचाचांनी डोक्याला हात लावला. "कारभारीभाऊ, गाडीची शोभा जाईल. जीपला असं शेपूट कुठं असतं का?" आबा म्हणाले, "जिता माणूस आपलं पाय आपुन सावरतो. मेल्याचं कुणी सावरायचं? वाढव तू."

गाडी वाढली. त्यानंतर तीसेक वर्षं आबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. बाळंतपणात गेलेली, सापानं मेलेली, दारूनं मेलेली, सगळी नीट आडवी, पाय आत, वर चादर. डिझेलचं कुणी दिलं तर घेतलं. घरी येऊन गाडी धुवायची, गोमूत्र शिंपडायचं, नवं लिंबू बांधायचं, आणि सकाळी परत स्टँडवर.

आणि लोक? गरज सरो, वैद्य मरो. ज्यांचा बाप आबांनी पोचवला तीच माणसं पुढच्या बाजाराला जीपमध्ये डोकावून विचारायची, "काल काय नेलंवतं का हिच्यात?" लग्नसराईत बाकीच्या जीपा दिवसाला तीन-तीन फेऱ्या मारायच्या. आमची उंबराखाली उभी. नवरीला सोडा, रुखवत न्यायलासुद्धा कुणी बोलवायचं नाही. पेठ गावच्या वसतिगृहात मी शिकायला गेलो तिथं माझं नाव संतोष आहे हे फक्त मास्तरांना माहीत होतं. पोरांच्या तोंडी मी 'मढेवाला'.

लोकांना नावं ठेवतोय, पण मी कुठला मोठा लागून गेलो! माझं लग्न इंदिरानगरच्या मंगल कार्यालयात होतं. उज्वला नाशिकची, तिच्याकडची मंडळी नोकरदार, मोटारीतून येणारी. मी आदल्या दिवशी आबांना म्हणालो, "जीप जरा लांबच लावा. इथं पार्किंगला जागा नाही." पार्किंगला पन्नास गाड्यांची जागा होती. आबा म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी नव्या टोपीतला माझा बाप आणि नव्या लुगड्यातली माझी आई रणरणत्या उन्हात दोन चौक चालत माझ्या लग्नाला आले. आबांच्या वहाणांवरची धूळ फोटोतसुद्धा दिसते. तो फोटो आम्ही अल्बमात लावलेला नाही.

आई गेली. दोन वर्षांपूर्वी आबांची उजवी बाजू गेली, तेव्हा मी त्यांना इंदिरानगरच्या फ्लॅटवर आणलं. जीपही आली, कारण त्याशिवाय ते यायलाच तयार नव्हते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या दिवशी फोटो पडला: हे भंगार कोणाचे? मी खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

त्याच सुमारास जीप विकत घ्यायला हर्षल आला. तिशीतला पोरगा, बापाचा टाइल्सचा मोठा धंदा. हे लोक रविवारी जुन्या जीपा घेऊन डोंगरात जातात आणि मुद्दाम चिखलात घालतात. आमच्या डोंगरात जी गाडी चिखलात अडकली की आम्ही रडायचो, ती अडकवायला हे हौसेनं जातात. त्यानं जीपभोवती तीन चकरा मारल्या, बॉनेटवर हात फिरवला आणि विचारलं, "दादा, वापर कसा झालाय हिचा?"

मी म्हणालो, "घरगुती. लग्नकार्यालाच काढायचो."

तोंडातून गेलं आणि मला स्वतःलाच पटलं. तसं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून पटलं असेल. आठवड्यात जीप गेली. आबांना सांगितलं, हबीबचाचांकडे टाकलीय, इंजिनाचं काम निघालंय. आणि गंमत अशी की महिनाभरानं ती खरंच हबीबचाचांकडे गेली. नव्यानं घडवायला हर्षलनं तिथंच टाकली. चाचांना मी फोन करून हातापाया पडलो, आबांना बोलू नका. चाचा म्हणाले, "झूठ तेरा है, बेटा. मी फक्त गप्प बसतो."

चौदा महिने रोज सकाळी चहाच्या वेळी आबा विचारायचे, "झालं का रं हबीबचं काम?" मी म्हणायचो, पार्ट मिळत नाहीये. वाकड्या झालेल्या तोंडानं ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, ती उज्वलाला कळायची नाही, मला कळायची. "मला तिच्यातच न्या. समद्यांना नेलं मी. मला नको का?"

"आबा, काहीतरी बोलू नका," मी म्हणायचो. चांगला मुलगा म्हणतो तसं.

एप्रिलमध्ये एका सकाळी चहा गार झाला तरी त्यांनी काही विचारलं नाही.

उज्वलानं डोळे पुसले आणि कामाला लागली. ती तशीच आहे, आणि त्या दिवशी तिच्यामुळंच घर उभं राहिलं. "पाड्यावर कळवलंय. बांबू-बिंबू ते तिकडंच बघतील. शववाहिका सांगू ना?" तिनं विचारलं. मी म्हणालो, थांब. तिला जीपचं सगळं माहीत होतं, खोट्यासकट. "अहो, आता कशाला ते?" ती म्हणाली. आता नाही तर कधी, हे मी तिला म्हणालो नाही. स्कूटरची किल्ली घेतली आणि निघालो.

हर्षलच्या बंगल्याच्या अंगणात जीप उभी होती आणि एक फूलवाला तिला झेंडू बांधत होता. मी तिला वर्षभरानं बघत होतो. ओळखलीच नाही. मला वाटलं हर्षलकडं दुसरी जीप असेल. मग डाव्या दाराच्या कडीजवळचा पोचा दिसला, बैलगाडीनं दिलेला. रंगाखालूनही तो दिसत होता.

मी सांगितलं: वडील गेले, हरसूलला न्यायचंय, एका दिवसापुरती गाडी हवी.

हर्षलचा चेहरा खरंच पडला. वाईट पोरगा नाही तो. "सो सॉरी, दादा. पण आज संध्याकाळी बुकिंग आहे. नवरदेवाची एंट्री. आणि..." त्यानं आवाज खाली आणला, "बॉडी नेली तर ही गाडी लग्नाला कोण घेणार? तुम्हीच सांगा. माझी दुसरी कार घेऊन जा, एसी आहे."

"त्यांची इच्छा होती."

"मी समजू शकतो. पण लोकांचं कसं असतं, तुम्हाला माहितीये."

मला माहीत होतं. माझ्याएवढं नाशिक जिल्ह्यात कुणाला माहीत नसेल. आणि तिथंच माझं डोकं फिरलं. "हर्षलशेठ," मी मोठ्यानं म्हणालो, फूलवाल्याला ऐकू जाईल असं, "तुमच्या नवरदेवांना ज्या जागेवर उभं करता ना, तिथं माझ्या बापानं तीस वर्षं मढी वाहिलीत. हरसूलला जाऊन कुणालाही विचारा, कारभारीची जीप कशासाठी होती. मी स्वतः येऊन सांगतो, संध्याकाळच्या मंडपात."

फूलवाल्याचे हात थांबले. हर्षलनं माझा दंड धरून मला बाजूला नेलं. तो पांढरा पडला होता. "दादा, तुम्ही तर लग्नकार्याला..."

"खोटं बोललो."

हर्षलनं आजूबाजूला पाहिलं, अगदी मी त्याला गाडी दाखवताना पाहिलं होतं तसंच. "घेऊन जा. बुकिंगवाल्यांना सांगतो, बिघडली म्हणून. पण धुऊन आणा, व्यवस्थित. आणि हे कुणाला बोलायचं नाही. प्लीज. शब्द द्या."

दिला. माझ्या बापानं जन्मभर जे पुण्य केलं, त्याची धमकी देऊन मी त्याच्या मौतीसाठी गाडी मिळवली. फूलवाला माळा सोडायला लागला, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "राहू द्या का, भाऊ? झेंडू दोन्हीकडं चालतो." मी म्हणालो, राहू दे.

हबीबचाचा इंदिरानगरला आधीच येऊन बसले होते. जीप आत शिरताना बघून उठले. ज्या सोसायटीनं तिला भंगार म्हटलं होतं तिथले दोघे-तिघे गॅलरीतून वाकून बघत होते. एकानं तर खाली येऊन हळूच विचारलंसुद्धा, "कोणतं मॉडेल?"

चौघांनी आबांना खाली आणलं. आबा उंच होते, आजारानं रुंदी गेली होती, उंची तशीच होती. आम्ही मागचा फाळका पाडला, डोकं पुढं करून त्यांना आत सरकवलं. ते सरकले आणि अडले. पुढच्या सीटांच्या मागं हर्षलनं जाड लोखंडी पाइपांचा सांगाडा बसवला होता, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून. आम्ही तिरपं करून बघितलं. परत बाहेर काढून पुन्हा आत घातलं. काही केल्या पाय बाहेर. पांढऱ्या कपड्यातून घोट्यापासून पुढचे दोन्ही पाय फाळक्याच्या कडेवरून खाली.

"दीड हात कमी आहे," हबीबचाचा म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं आणि मला जीप त्यांच्याकडं असतानाचा त्यांचा एक फोन आठवला. दुपारची वेळ, मी ऑफिसात, समोर साहेब. हबीबचाचा विचारत होते, "संतोष, मालक म्हणतो गाडी कंपनीतून आली तशी पाहिजे. मागचं वाढीव कापायला सांगतो. कापू का? तुझ्या वालिदनं, कारभारीभाऊनं, ते कशासाठी केलंय, तुला माहीत आहे. तू बोललास तर मी त्याला समजावतो." आणि मी फोन हातानं झाकून, घाईत म्हणालो होतो, "गाडी त्याची आहे, चाचा. मला काय विचारता?"

"तो तुकडा?" मी आता विचारलं.

"सहा महिने ठेवला होता मी. मग भंगारात दिला." त्यांनी माझ्यावरची नजर काढली. "मला वाटलं, तू येशील न्यायला."

उज्वला जवळ आली. "अहो, ऐका. शववाहिका बोलावते. वीस मिनिटांत येईल. आबांचे हाल नका करू." तिचं बरोबर होतं. कुणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण चौदा महिने मी शहाण्यासारखाच वागलो होतो. मी तिला म्हणालो, तू कारनं मागून ये. आणि फाळक्यावर चढून बसलो, पाय खाली सोडून, आणि आबांचे पाय उचलून मांडीवर घेतले.

गार होते. उजव्या पायाचं बोट ब्रेक-अॅक्सिलरेटरच्या खेळात कधीतरी मोडलेलं, वाकडंच जुळलेलं. मी ते कधी नीट बघितलं नव्हतं. आजारपणात त्यांचे पाय चेपायला आम्ही बाई ठेवली होती.

हबीबचाचांनी गाडी घेतली. गंगापूर रोडला एका सिग्नलला दोन पोरं मोटरसायकलवरून शेजारी आली. मागच्यानं अंगठा दाखवला, "कडक जीप, काका!" मग त्याची नजर माझ्या मांडीकडं गेली आणि अंगठा तसाच हवेत राहिला. गिरणारे सोडलं तसा रस्ता खराब झाला. प्रत्येक खड्ड्याला मी पाय वर उचलून धरायचो, गाडी आदळली की पुन्हा मांडीवर ठेवायचो. टायर एवढे मोठे, स्प्रिंगा नव्या, महागाच्या, तरी हादरे बसायचेच. वाघेरा घाटात माझे हात भरून आले. मी पुढं वळून पाहिलं. हबीबचाचांनी मधला आरसा वरच्या बाजूला, टपाकडं फिरवून ठेवला होता.

तिथं मी रडलो. बाप गेला म्हणून नाही. ते दुःख नंतर आलं, सावकाश. मी रडलो ते स्वतःच्या लाजेनं, आणि ती लाज पुसायला माझे हात मोकळे नव्हते.

पाड्यावर सगळे जमले होते. बांबू, सुतळी, मडकं तयार होतं. गाडी थांबली तरी कुणी पुढं येईना. त्यांना वाटलं, नाशिकचा कुणी पाहुणा जीप घेऊन आलाय. बायकांमधून कुसाबाई पुढं आली. पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे, पाठ मात्र ताठ. तिनं झेंडूकडं पाहिलं, टपावरच्या दिव्यांकडं पाहिलं.

"कारभारीभाऊंची गाडी नाय आणली?" तिनं हबीबचाचांना विचारलं. "त्यांना तिच्यातच आणायचं होतं. लय येळा बोललं होतं मला."

"हीच आहे ती, मावशी," मी मागून म्हणालो.

ती गाडीला वळसा घालून मागं आली. मला बघितलं. माझ्या मांडीवरचे पाय बघितले. जिथं नवा पत्रा संपत होता त्या कडेवरून तिनं बोट फिरवलं.

"मागलं काय झालं?"

"कापलं."

"कुनी?"

हबीबचाचा गाडीतून उतरत होते, त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी म्हणालो, "मी."

तिनं शिवी दिली असती तर चाललं असतं. पण आबांच्या पायांवरचं कापड तिनं ओढून सारखं केलं, आणि हळू आवाजात, जणू आबांनाच सांगावं तसं म्हणाली, "माझ्यानंतर कुनाला असं बसाया लागलं नव्हतं रं."

माणसं आली आणि त्यांनी आबांना उचललं. एवढा वेळ वजन घेऊन माझे पाय बधिर झाले होते, उतरता येईना. सगळे आबांबरोबर पुढं गेले. मी फाळक्यावर बसून राहिलो. उतरायला मला कुणी हात दिला नाही, आणि मीही मागितला नाही.